खरी ड्राय पिल्सनर कशी ओळखावी, कुठे शोधावी

वेळापूर, अकलूज, माळशिरस, कुठल्याही बिअर शॉपीत गेलात की पहिला प्रश्न ठरलेला: "स्ट्राँग की माइल्ड?" बहुतेक गिऱ्हाइके स्ट्राँग मागतात, म्हणून फ्रिजमधल्या पुढच्या रांगा स्ट्राँगच्याच असतात. हलकी, स्वच्छ, कडवट, घोट उतरल्यावर जिभेवर काही चिकटू न देणारी पिल्सनर ज्याला हवी, त्याला मागच्या रांगेत हात घालावा लागतो. तिथे नेमके काय शोधायचे, हे माहीत असले तर आपल्या भागातही निराश व्हायची वेळ येत नाही. माहीत नसेल तर पुण्यात जाऊन तिप्पट पैसे मोजूनही हवी ती चव हाती लागत नाही.

आधी ड्राय म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. माळशिरस तालुक्यात हे सांगणे सोपे आहे, कारण नीरा उजव्या कालव्याच्या या उसाच्या पट्ट्यात ब्रिक्स हा शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला. कांडीतला रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला आणि आकडा 18 च्या वर गेला, की तोडणीची चर्चा सुरू होते. बिअरचेही तसेच असते. जवाला मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट करतात; तो भरडून गरम पाण्यात भिजवला की गोड काढा तयार होतो. पिल्सनरसाठी हा काढा साधारण 11 ते 12 ब्रिक्सचा धरतात. ब्रुअरीतले लोक त्याच मापाला प्लेटो म्हणतात, दोन्ही आकडे जवळपास सारखेच. पुढे यीस्ट ही साखर खाते, तिचे अल्कोहोल आणि वायू होतो. खाऊन झाल्यावर किती गोडवा मागे उरला, यावर बिअर ड्राय की गोडसर ते ठरते. हायड्रोमीटरवर हा उरलेला आकडा साडेतीनच्या आसपास असेल तर बिअर भरीव, किंचित गोलसर लागते. दोनच्या जवळ असेल तर ती ड्राय. त्याच्याही खाली गेला तर अगदी कोरडी, धारदार.

हा आकडा ब्रुअरच्या हातात असतो. भरडलेला माल्ट पाण्यात भिजवताना तापमान 63-65 अंशांवर धरले, तर माल्टमधली एन्झाइम्स पिष्टाचे लहान लहान साखरेत तुकडे करतात आणि यीस्ट ते सगळे संपवते. तेच तापमान 68-70 वर नेले की यीस्टला न पचणारे मोठे तुकडे उरतात आणि बिअर जड होते. चार-पाच अंशांच्या फरकाने एकाच माल्टपासून दोन वेगळ्या बिअर निघतात. म्हणून "इंपोर्टेड माल्ट" असे लेबलावर छापलेले बघून काही ठरवू नका. माल्ट कुठला, यापेक्षा तो कसा शिजवला हे इथे जास्त महत्त्वाचे.

उसाच्या भागातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. लेबलावर घटकांत साखर लिहिलेली दिसली की बिअर गोड असणार, असा समज होतो. होते उलटे. साधी साखर यीस्ट शंभर टक्के खाऊन टाकते, मागे काहीच ठेवत नाही. त्यामुळे साखर, तांदूळ किंवा मका घातलेली बिअर शुद्ध माल्टच्या बिअरपेक्षा पातळ आणि ड्राय होते. मग आपल्याकडची स्ट्राँग बिअर गोडसर का लागते? एक तर तिचा काढाच दाट असतो आणि यीस्ट थकल्यावर बराच अंश मागे उरतो. दुसरे, अल्कोहोललाच स्वतःची एक गोडूस चव असते आणि 7-8 टक्क्यांना ती ठळकपणे जाणवते. तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते: या बिअरमध्ये कडूपणा इतका कमी ठेवलेला असतो की गोडव्याला अडवणारे काही नसते.

कडूपणा येतो हॉप्सच्या फुलांतून, आणि पिल्सनरचा जीव त्यातच आहे. तो आयबीयू या एककात मोजतात. मोठ्या कंपन्यांच्या माइल्ड लागरमध्ये हा आकडा बहुधा 10 ते 20 च्या दरम्यान असतो. अस्सल पिल्सनरमध्ये 30 ते 40 किंवा त्याहून थोडा वर. नुसती ड्राय, पण कडूपणा नसलेली बिअर पाणचट लागते. ड्रायपणा, कडूपणा आणि भरपूर बारीक वायू, ही तिन्ही एकत्र आली की घोट कुरकुरीत होतो आणि लगेच पुढचा घ्यावासा वाटतो. आपण शोधतो आहोत ती हीच.

आता थोडे पिल्झेनविषयी, कारण शोधाची दिशा त्यातून ठरते. बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले हे शहर. 1838 मध्ये तिथल्या नागरिकांनी खराब निघालेल्या बिअरची 36 पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली आणि स्वतःची नवी ब्रुअरी बांधायला घेतली. तिथे बव्हेरियाहून बोलावलेल्या योसेफ ग्रोल या ब्रुअरने 5 ऑक्टोबर 1842 रोजी पहिला घाणा लावला. धुराचा स्पर्श न होऊ देता वाळवलेला फिका माल्ट, झाटेक भागातले सुगंधी साझ हॉप्स, थंडीत सावकाश काम करणारे लागर यीस्ट आणि पिल्झेनचे क्षार नसल्यासारखे मऊ पाणी, या चार गोष्टींतून सोनेरी, पारदर्शक बिअर निघाली. तोवर बिअर म्हणजे गडद किंवा गढूळ, असेच चित्र होते. आज जगात खपणाऱ्या बहुतेक फिक्या लागर त्याच घाण्याच्या वंशातल्या आहेत.

मात्र एक लक्षात ठेवा. पिल्झेनची ती मूळ बिअर, पिल्सनर उर्क्वेल, सुंदर असली तरी सर्वांत ड्राय नाही. तिच्यात 4.4 टक्केच अल्कोहोल असते, कारण बरीच माल्टची गोडी मुद्दाम मागे ठेवलेली असते, आणि 40 च्या आसपासचा कडूपणा तिला तोलून धरतो. अगदी कोरडी चव हवी असेल तर उत्तर जर्मनीकडे वळावे. तिथल्या ब्रुअरांनी पिल्सनर घेतली आणि तिच्यातला गोडवा आणखी काढून टाकला. येव्हर गावची येव्हर पिल्सनर हे त्याचे टोक: 4.9 टक्के, रंगाने फिकी, चवीला चांगलीच कडू. बिटबुर्गर आणि राडेबर्गर त्याच घराण्यातल्या, थोड्या मवाळ. जर्मनीत 'डिएट पिल्स' नावाचा प्रकारही निघाला होता, ज्यात यीस्टला जवळजवळ सगळीच साखर खायला लावत. तो मधुमेहींसाठी म्हणून विकला जाई. त्यावरून आपल्याकडच्या मधुमेही वाचकांनी ड्राय बिअर आपल्याला चालते असा अर्थ काढू नये. साखर गेली तरी अल्कोहोल राहतेच, आणि औषधे चालू असताना ते रक्तातली साखर धोकादायक रीतीने खाली आणू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो विचारही नको.

जपानमध्ये 1987 साली असाही कंपनीने 'सुपर ड्राय' काढली, तीही या शोधात उपयोगाची आहे. तिच्यात जर्मन पिल्सचा कडूपणा नाही, पण शेवट अगदी स्वच्छ आहे. कडू आवडत नाही, पण गोडही नको, अशा माणसाने तिच्यापासून सुरुवात करावी.

हे झाले जगाचे. आता आपल्या दुकानात.

महाराष्ट्रातल्या पिणाऱ्याला पिल्सनर हा शब्द बहुधा 'लंडन पिल्सनर'मुळे माहीत असतो. 'एलपी' या लाडक्या नावाने मुंबईच्या परमिट रूममध्ये ती कैक वर्षे चालली आणि पुढे तिचा स्ट्राँग प्रकारही आला. गोव्याला गेलेल्यांना 'किंग्ज ब्लॅक लेबल पिल्सनर'ची छोटी बाटली आठवत असेल. दोन्हींना आपापले चाहते आहेत, आणि तो जिव्हाळा खरा आहे. परंतु लेबलावर पिल्सनर छापण्याने बिअर त्या चवीची होतेच असे नाही, आणि जिच्यावर तो शब्द नाही अशी एखादी साधी लागर जास्त जवळ जाते. म्हणून नावाआधी आकडा वाचा. अल्कोहोल 4 ते 5 टक्के असेल तरच बाटली हातात ठेवा. स्ट्राँगमध्ये ड्राय पिल्सनर सापडत नाही. शोधण्यात वेळ घालवू नका.

या मर्यादेत सोलापूर जिल्ह्याच्या दुकानांत साधारणपणे दिसू शकणारी नावे घेतो. किंगफिशर प्रीमियम, 4.8 टक्के: हलकी, कडूपणा कमी, पण ताजी आणि थंड असेल तर शेवट स्वच्छ. टुबोर्ग ग्रीन, तीही 4.8: माझ्या मते किंचित जास्त कुरकुरीत. किंगफिशर अल्ट्रा, 5 टक्के: मऊ, गुळगुळीत, म्हणून आपल्या शोधात मागे पडते. बडवायझरमध्ये तांदूळ असतो आणि ती ड्राय असते, मात्र हॉप्स जवळजवळ लागतच नाहीत. हायनेकेन फक्त माल्ट, हॉप्स आणि पाण्याची, 5 टक्के. सहज मिळणाऱ्यांत कडूपणा तिच्यातच थोडा नीट लागतो. तिचाच 'सिल्व्हर' प्रकार 4 टक्क्यांचा, आणखी हलका आणि कोरडा. मला विचाराल तर वेळापुरात राहून शोधायचे असेल, तेव्हा पहिली हायनेकेन घ्या, ती नसेल तर टुबोर्ग ग्रीन. यांतली कुठलीच येव्हर नाही, हे मान्य करूनच हा सल्ला देतो आहे.

यापुढचा भाग मात्र ब्रँडपेक्षाही मोलाचा आहे, आणि आपल्याकडे त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तो म्हणजे ताजेपणा. पिल्सनरमध्ये लपायला जागा नसते. गडद, गोड बिअर थोडी जुनी झाली तरी निभावून जाते. फिकी, ड्राय बिअर शिळी झाली की पुठ्ठ्यासारखी चव येते आणि हॉप्सचा सुगंध आधीच उडून गेलेला असतो. तापमान दहा अंशांनी चढले की हा बिघाड दुप्पट ते तिप्पट वेगाने होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो. पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडलेली आणि गिऱ्हाईक आल्यावर फ्रिजमध्ये टाकलेली बाटली हाताला गार लागते, पण आतली बिअर म्हातारी झालेली असते.

म्हणून बाटली किंवा कॅन उलटसुलट करून उत्पादनाची तारीख शोधा. दोन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, तीनपर्यंत ठीक. पुढे गेली असेल तर ब्रँड कितीही आवडता असो, परत ठेवा. उन्हाळ्यात ही मुदत आणखी आवळा. ज्याच्याकडे माल रोज हलतो आणि ज्याचा साठा सावलीत असतो, असाच दुकानदार निवडा. या बाबतीत आपण दिसतो तितके दुर्दैवी नाही. युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग यांचे कारखाने छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात आहेत, आणि हायनेकेन 2011 पासून तळोज्यात बनू लागली. म्हणजे आपल्या दुकानातली माइल्ड बहुधा ट्रकच्या एका दिवसाच्या वाटेवरून आलेली असते. समुद्रातून कंटेनरमध्ये तापत आलेल्या आणि आयात शुल्काने महाग झालेल्या जर्मन बाटलीपेक्षा पंधरा दिवसांपूर्वीची तळोज्याची बिअर पुष्कळदा सरस लागते. मी तरी तारीख न बघता आयात बिअरवर पैसे घालू नका असेच सांगेन.

प्रकाशाचेही तसेच. हॉप्समधल्या कडू घटकावर ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला की त्यातून उग्र, नकोसा वास देणारे गंधकाचे संयुग तयार होते. तपकिरी काच हा उजेड अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, पांढरी मुळीच नाही. हायनेकेन आणि टुबोर्ग दोन्ही हिरव्या बाटलीतल्या, म्हणून त्या शक्यतो कॅनमध्ये घ्या. कॅनमध्ये उजेड शिरत नाही. कॅनमुळे बिअरला धातूची चव येते हा समज जुना आहे. आतून लेप असतो, आणि ग्लासात ओतून प्यायलात तर प्रश्नच उरत नाही.

ग्लासात ओतणे ही चैन समजू नका. बाटलीतून थेट प्यायल्यावर नाकाला काहीच मिळत नाही आणि सगळा वायू पोटात जातो. ग्लास साबणाच्या अंशाशिवाय स्वच्छ धुतलेला, आतून ओला असावा. तेलकट ग्लासात फेस क्षणात बसतो. खारे शेंगदाणे खाल्लेल्या ओठांनीही तेच होते. आधी ग्लास तिरका धरून, मग सरळ करून दोन बोटे फेस येईल असे ओता. त्या फेसात हॉप्सचा सुगंध असतो. तापमान 5 ते 7 अंश पुरे. बर्फ टाकायचा नाही, कारण तो वितळला की आपण ज्या कडूपणामागे लागलो तोच पातळ होतो. फ्रीझरमध्ये गोठायला आलेली बिअरही नको. जीभ बधिर झाली की सगळ्या बिअर सारख्याच.

बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची आणि 'ग्लिसरीन' काढून टाकायचे, हा प्रकार आपल्याकडे अजून दिसतो. पाण्यात तारा उतरताना दिसतात, ते ग्लिसरीन नव्हे. पाण्याहून जड असलेली बिअरच खाली उतरत असते. त्यात वायू जातो आणि पाणी आत शिरते. ड्राय पिल्सनरचे याहून मोठे नुकसान दुसरे करता येणार नाही. कृपया हे थांबवा.

चव पारखायची असेल तर दोन वेगवेगळ्या माइल्ड बिअर एकाच फ्रिजमध्ये एकाच वेळी गार करा आणि घरातल्या कुणाला तरी नाव न सांगता ओतायला सांगा. पहिला घोट सोडून द्या, दुसऱ्यावर लक्ष द्या. गिळल्यानंतर दहा सेकंद थांबा. ओठ एकमेकांना चिकटतात का? घशाच्या मागे स्वच्छ कडवट रेष राहते की गुळचट साय? उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर घाणा नीट उकळला नव्हता. लोण्याचा आला तर यीस्टला पुरेसा वेळ दिला नव्हता. शेवटचा ग्लास मुद्दाम थोडा कोमट होऊ द्या. चांगली पिल्सनर कोमट झाली तरी पिण्याजोगी राहते, वाईट बिअरचे दोष तेव्हाच उघडे पडतात.

हॉप्सची खरी ताकद अनुभवायची असेल, तर पुण्याची फेरी करावी. 2009 मध्ये डुलाली सुरू झाली आणि राज्यात मायक्रोब्रुअरीचा रस्ता खुला झाला. पुढे 2014 च्या सुमारास इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आणि एफिनगट आल्या. पण तिथे गेल्यावर पिल्सनर हमखास मिळेल असे समजू नका. गव्हाची बिअर किंवा एल दोन आठवड्यांत नळावर येते. पिल्सनरला थंड टाकीत चार ते सहा आठवडे मुरवावे लागते, आणि भाड्याच्या जागेत टाकी इतकी अडवून ठेवणे परवडत नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: पिल्सनर किंवा पिल्स नळावर आहे का, आणि ती किती दिवस मुरवली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चटकन आणि अभिमानाने देणारा ब्रुअर विश्वासाचा. आधी चाखायला छोटा ग्लास मागावा. तिथे त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

चखण्याबद्दल सोलापूर जिल्ह्याने कुणाकडून शिकायला नको. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्यासोबत ड्राय पिल्सनर जशी जाते तशी कशासोबतच जात नाही, असे माझे ठाम मत आहे. शेंगदाण्याचे तेल आणि लसणाचा ठसका कडवट घोटाने धुऊन निघतो आणि पुढचा तुकडा पुन्हा नवा लागतो. थंडीत हुरडा. झणझणीत मटणाच्या रश्श्याबरोबर मात्र जपून. वायू आणि कडूपणा तिखटाची आग वाढवतात. गोड काहीही नको, त्याने बिअर कारण नसताना कडूजहर वाटते.

कायद्याच्या गोष्टी थोडक्यात. 21 वर्षांच्या आत बिअर घेता येत नाही, आणि राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचाही मिळतो, संकोच न करता मागा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी दुकाने बंद, तसेच आषाढी आणि कार्तिकी एकादशीलाही. वेळापूर हे माउलींच्या पालखीचे मुक्कामाचे गाव. धावा करत वारकरी इथे उतरतात, घरोघरी त्यांच्या जेवणाची सोय होते. त्या दिवसांत हा विषय आपणहून बाजूला ठेवावा. माळकरी घरातल्यांसमोर आग्रह तर कधीच नको.

आणि गाडीचे. रक्तात 100 मिलीलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल. 330 मिलीचा 4.8 टक्क्यांचा कॅन म्हणजे साधारण 16 मिली. फरक तिपटीहून जास्त आहे, तरी तो एक कॅन घेऊनही किल्लीला हात लावू नये. पालखी महामार्ग रुंद झाल्यापासून गाड्यांचा वेग फार वाढला आहे. घरी प्या, घरीच राहा.

शेवटी एक विनंती. दुकानदार तोच माल मागवतो जो कुणीतरी मागतो. पुढच्या वेळी गेलात की स्पष्ट सांगा: माइल्ड, कॅनमध्ये, दोन महिन्यांच्या आतली. नसेल तर स्ट्राँग घेऊन परतू नका, नाव सांगून या आणि आठवड्याने पुन्हा विचारा. चार-सहा जणांनी असे विचारले तर अकलूजच्या किंवा वेळापूरच्या दुकानदाराला एक पेटी मागवणे अवघड नाही.